सिम्युलेटरचं गेज खोटं बोलत नाही, हीच अडचण

पालघरच्या किनाऱ्यावर मला सध्या एक प्रश्न हमखास विचारला जातो. पीएचडी कशात करतेस, हा नव्हे. "पोराला मरीनला घातलं तर कसं?" हा. जून २०२४ मध्ये वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी मिळाली, ३० ऑगस्टला पालघरला भूमिपूजन झालं, आणि तेव्हापासून दातिवरे-एडवण-केळवे पट्ट्यात हा प्रश्न वाढलाय. बंदराला मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो संपलेला नाही. पण त्याच घरांमध्ये बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेतलेली मुलंही आहेत, मेकॅनिकल डिग्री करून तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणारी मुलंही आहेत. (जाता जाता: बंदरावरची नोकरी आणि जहाजावरची नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी. बंदर दाराशी आलं म्हणून जहाजाची नोकरी दाराशी येत नाही. हे मी प्रत्येकाला सांगते, आणि प्रत्येक जण मान हलवून पुढचा प्रश्न विचारतो.)

मग माहितीपत्रक पुढे केलं जातं. संस्था कोणतीही असो, त्यातला एक फोटो ठरलेला: मोठमोठे स्क्रीन, बटणांनी भरलेलं कन्सोल, त्यापुढे पांढऱ्या बॉयलर सूटमधला मुलगा. इंजिन रूम सिम्युलेटर. सोबतच्या मजकुराचा आशय असा की जहाजावर पाय ठेवण्याआधीच तुम्हाला जहाजाचा अनुभव मिळेल. आज या दाव्याबद्दल लिहायचंय. माझं स्वतःचं काम फिरत्या यंत्रांच्या कंपनांवरून बिघाड ओळखण्याचं. त्यामुळे 'माणूस बिघाड ओळखायला शिकतो कसा' हा प्रश्न माझ्या टेबलावर कायम पडलेला असतो.

आधी सिम्युलेटर म्हणजे काय ते बघू. आत इंजिन नसतं, समीकरणं असतात. प्रत्येक सिलिंडर, पंप, टाकी, कूलर यांच्यासाठी तापमान, दाब, प्रवाह यांची गणितं, आणि कॉम्प्युटर ती सेकंदाला अनेकदा सोडवतो. तुम्ही स्क्रीनवर व्हॉल्व्ह बंद केलात की प्रवाहाचं समीकरण बदलतं, थोड्या वेळाने कूलरपुढचं तापमान चढतं, मग अलार्म. बाजूच्या खोलीत इन्स्ट्रक्टर बसलेला असतो. तो हवा तेव्हा बिघाड घालतो, हवं तेव्हा सगळं थांबवतो.

हे थांबवणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि सिम्युलेटरची टवाळी करणारे जुने चीफ इंजिनिअर ती विसरतात. उदाहरण घेऊ इंधन बदलण्याचं. उत्सर्जन नियंत्रण क्षेत्रात शिरण्याआधी जहाजाला ०.१० टक्के गंधकाच्या मर्यादेत बसणारं इंधन चालू करावं लागतं. जड तेल दाट असतं, ते १३०-१४० अंशांपर्यंत तापवून इंजिनाला देतात. डिस्टिलेट तेल पातळ, त्याला ती उष्णता चालत नाही. एकदम बदल केला तर इंधन पंपाचा प्लंजर अडकू शकतो, म्हणून तापमान साधारण मिनिटाला दोन अंश अशा सावकाश गतीने उतरवायचं. जहाजावर शिकाऊ पोरगा हे बघतो तेव्हा सेकंड इंजिनिअर घाईत असतो, समजावायला वेळ नसतो आणि चुकून बघायची तर सोयच नाही. सिम्युलेटरवर मुद्दाम चुकता येतं. दाटपणा कोसळताना बघता येतो. फ्रीझ करून "आता काय झालं सांग" असं विचारता येतं. संपूर्ण यंत्रणा एकमेकांत कशी गुंतलीय, हे शिकवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर. २३ मार्च २०१९, नॉर्वेचा किनारा, वादळ. 'व्हायकिंग स्काय' या प्रवासी जहाजावर १,३७३ माणसं. जनरेटरच्या इंजिनांच्या संपमध्ये लूब ऑइलची पातळी कमी होती. जहाज हेलकावे खायला लागल्यावर पंपांना तेल मिळेना, दाब पडला, इंजिनं एकामागून एक स्वतःला बंद करून बसली. संपूर्ण ब्लॅकआउट. पहिल्या दहा सेकंदांत सुमारे हजार अलार्म. जहाज खडकांवर आदळता आदळता राहिलं, आणि पुरेशी गती परत यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला. आता सांगा, प्रवाशांनी भरलेल्या जहाजावर असा पूर्ण ब्लॅकआउट सरावासाठी कोण करू देईल? हा सराव सिम्युलेटरवरच शक्य आहे. हजार अलार्ममधून पहिला कोणता वाचायचा, हे वादळात शिकता येत नाही.

म्हणजे माझा आक्षेप सिम्युलेटरला नाही. आक्षेप त्या 'अनुभव' या शब्दाला आहे. तो नीट समजायला जहाजावरून थोडं बाजूला, आपल्या शेजारी येऊ.

बोईसर-तारापूर भागात 'प्लांट' म्हटलं की अणुवीज केंद्र. तिथली पहिली दोन युनिट १९६९ पासूनची, ५४० मेगावॅटची पुढची दोन २००५-०६ ची. अणुभट्टीचे ऑपरेटर कंट्रोल रूममध्ये बसण्याआधी सिम्युलेटरवर तयार होतात, हे इथल्या बऱ्याच घरांना माहीत आहे. या क्षेत्राने सिम्युलेटरचा सगळ्यात महागडा धडा २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत, थ्री माइल आयलंडमध्ये घेतला. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. पॅनलवरचा दिवा सांगत होता की बंद आहे. प्रत्यक्षात तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. 'बंद हो' हा हुकूम गेला एवढंच दाखवत होता. ऑपरेटरांना शिकवलं होतं की अमुक एका टाकीची पातळी फार चढू द्यायची नाही. ती चढताना दिसली, म्हणून त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. पाणी तर आधीच बाहेर चाललं होतं. नंतर नेमलेल्या केमेनी आयोगाने नोंदवलं की ज्या सिम्युलेटरवर हे लोक शिकले होते, त्यात अशी परिस्थिती उभी करण्याची सोयच त्या दिवसापर्यंत नव्हती. (आयोगाचे अध्यक्ष जॉन केमेनी म्हणजे बेसिक ही कॉम्प्युटर भाषा तयार करणाऱ्या दोघांपैकी एक. कॉम्प्युटरच्या माणसानेच कॉम्प्युटरवरच्या शिक्षणाची मर्यादा नोंदवावी, याची मला गंमत वाटते.)

यातून अणुक्षेत्राने काय केलं? सिम्युलेटर सोडले नाहीत. उलट प्रत्येक केंद्राच्या कंट्रोल रूमची तंतोतंत नक्कल करणारे सिम्युलेटर आग्रहाने आणले. ज्या खोलीत काम करायचं, तीच खोली.

मरीनमध्ये हे होऊच शकत नाही. ज्युनिअर इंजिनिअर आज एका जहाजावर, सहा-आठ महिन्यांनी दुसऱ्या. सिम्युलेटर असतो 'एका कुठल्यातरी' जहाजाचा, बहुतेक वेळा मोठ्या टँकरचा किंवा कंटेनर जहाजाचा, टू-स्ट्रोक इंजिनवाला. त्याचा ब्रेकर कुठे, पंपाचं स्टँडबाय कसं लागतं, हे सगळं त्या एका मॉडेलचं. मुलगा ज्या जहाजावर जाईल, तिथे ते तसं असेलच असं नाही. त्यामुळे इथे तपशील पाठ करून घेण्याला अर्थ कमी. शिकवायला हवी ती गेजकडे बघायची नजर.

आणि नेमकं इथेच सिम्युलेटर आपल्याला फसवतो. खऱ्या इंजिनात तेलाचा दाब आणि स्क्रीनवरचा आकडा यांच्यामध्ये बरंच काही असतं: सेन्सर, त्याची बारीक नळी, वायर, टर्मिनल, कार्ड. यातलं काहीही सडू शकतं, सैल होऊ शकतं, तुंबू शकतं. सिम्युलेटरमध्ये स्क्रीनवरचा आकडा थेट समीकरणातून येतो. मध्ये काहीच नसतं. म्हणून इन्स्ट्रक्टरने मुद्दाम सेन्सरचा बिघाड घातला नाही, तर सिम्युलेटरचं गेज कधीच खोटं बोलत नाही. शेकडो वेळा खरंच बोलणाऱ्या गेजसमोर तीन-चार दिवस बसलेला मुलगा काय शिकतो? गेजवर विश्वास ठेवायला.

आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी बोटी लागतात. तिथल्या एका काकांना मी विचारलं होतं की इंजिनात बिघाड आहे हे कसं कळतं. ते म्हणाले, "आवाज बदलतो. मग हात लावायचा. मीटर आहे, पण मीटर काय, तो बंद पडलेला असला तरी एकाच जागी दिसतो." मोठ्या जहाजाच्या इंजिन रूममध्येही वेगळं नसतं. मुख्य इंजिन सुरू करण्याआधी इंडिकेटर कॉक उघडून इंजिन फिरवतात. कॉकमधून पाणी उडालं तर आत कुठेतरी गळती आहे. सिम्युलेटरवर हा एक क्लिक. जहाजावर गरम लोखंडाशेजारी उभं राहून हाताने उघडायचा कॉक, आणि त्यातून काय बाहेर येतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

मार्च २०२४ मधला बाल्टिमोरचा अपघात आठवत असेल. 'डाली' हे सुमारे ३०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलावर आदळलं, पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. जहाजावरचे बहुतेक कर्मचारी भारतीय होते, म्हणून आपल्याकडच्या मरीन कुटुंबांमध्ये त्याची चर्चा फार झाली. वीज दोनदा गेली. पहिला ब्लॅकआउट कर्मचाऱ्यांनी मिनिटभरातच, हाताने ब्रेकर लावून सावरला. दुसरा लगेच आला, कारण जनरेटरना इंधन पुरवायला मूळचे पंप न वापरता फ्लशिंगचा पंप वापरला जात होता, आणि वीज गेल्यावर तो आपोआप परत सुरू होणारा नव्हता. आणि पहिल्या ब्लॅकआउटचं मूळ? अमेरिकेच्या एनटीएसबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये निष्कर्ष दिला: एक सैल सिग्नल वायर. वायरवरच्या लेबलची पट्टी अशी बसवली होती की वायर टर्मिनलमध्ये पूर्ण शिरलीच नव्हती. ही वायर शोधणं म्हणजे आयफेल टॉवरवरचा एक सैल रिव्हेट शोधण्यासारखं, अशी तुलना संस्थेच्या अध्यक्षांनी केली होती.

या एका घटनेतून मला सिम्युलेटरचा सगळा हिशोब दिसतो. ब्लॅकआउट सावरणं सिम्युलेटरवर उत्तम शिकता येतं, आणि इथे पहिला सावरलाही. चुकीचा पंप चालू आहे आणि वीज गेल्यावर तो उठणार नाही, हेही शिकवता येतं, जर कुणी तसा प्रसंग रचला तर. पण टर्मिनलमध्ये अर्धी शिरलेली वायर कुठल्याच समीकरणात नसते. ती बोटाने हलकेच ओढून किंवा थर्मल कॅमेऱ्याने सापडते.

आता नियम काय म्हणतो ते बघू, कारण मजा तिथे आहे. समुद्रावरच्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार एसटीसीडब्ल्यू, १९७८ चा. २०१० च्या मनिला दुरुस्त्या १ जानेवारी २०१२ पासून लागू. त्याच्या सिम्युलेटरच्या भागात साफ लिहिलंय की सिम्युलेटरने उपकरणाची क्षमता तर दाखवावीच, शिवाय त्याच्या मर्यादा आणि संभाव्य चुकाही दाखवाव्यात. म्हणजे खोटं बोलणारं गेज नियमातच मागितलंय. त्याच भागात सरावाआधीचं ब्रीफिंग आणि नंतरचं डीब्रीफिंगही मागितलंय. मला हा मजकूर खरोखर आवडतो; लिहिणाऱ्यांना प्रश्न कळला होता.

पण पुढे इंजिनिअरच्या कौशल्यांचा तक्ता आहे. त्यात कौशल्य सिद्ध करायचे मार्ग दिलेत: जहाजावरचा अनुभव, प्रशिक्षण जहाज, प्रयोगशाळेतली उपकरणं, आणि 'योग्य असेल तिथे' सिम्युलेटर. योग्य कुठे, हे कोण ठरवणार? प्रत्येक देशाचं प्रशासन. हे दोन शब्द सगळा भार उचलतात आणि त्यांच्याखाली आधार नाही. रडारच्या सिम्युलेटरचं प्रशिक्षण १९९५ च्या दुरुस्त्यांनी बंधनकारक केलं तेव्हा निदान एक नेमकं उपकरण समोर होतं. इंजिन रूम म्हणजे शेकडो उपकरणं. त्यातलं काय स्क्रीनवर शिकून चालेल आणि काय नाही, याची ओळ आखायला पुरावा लागतो.

पुरावा कसा असायला हवा? शिक्षणावरच्या संशोधनात 'ट्रान्सफर' हा शब्द वापरतात: इथे शिकलेलं तिथे किती लागू पडतं. विमानांच्या बाबतीत स्टॅन्ली रॉस्को यांनी १९७१ मध्ये ते मोजायची साधी रीत दिली. समजा (आकडे माझ्या मनचे) एखादं काम थेट जहाजावर शिकायला २० तास लागतात. सिम्युलेटरवर ५ तास घालवले की जहाजावर १२ तास पुरतात. ८ तास वाचले, ५ खर्चले, गुणोत्तर १.६. छान. आता सिम्युलेटरवर १० तास दिले आणि जहाजावर १० पुरले. नंतरच्या ५ तासांनी फक्त २ तास वाचवले, म्हणजे ०.४. पहिले तास सोन्याचे, नंतरचे पितळेचे. हा बिंदू कुठे येतो ते कळलं, की मग 'योग्य असेल तिथे' या शब्दांना अर्थ येतो.

इंजिन रूमच्या प्रशिक्षणावर मी वाचलेल्या बऱ्याच निबंधांमध्ये असं मोजमाप दिसत नाही. दिसतं काय, तर कोर्सनंतरची प्रश्नावली (सराव उपयुक्त वाटला का, पाचपैकी किती), किंवा सिम्युलेटरवरच घेतलेली आधीची आणि नंतरची चाचणी. सिम्युलेटरवर सराव केल्यावर सिम्युलेटर चांगला जमतो, हे सिद्ध करायला निबंध कशाला? ब्रिज सिम्युलेटरच्या बाबतीत स्वीडनच्या शार्लोट सेलबर्ग यांनी २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांचाही रोख यंत्रापेक्षा शिकवण्याकडे आहे: प्रसंग कसा रचला, इन्स्ट्रक्टरने काय केलं, यावर सगळं अवलंबून, आणि त्यावरच अभ्यास कमी.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात येत नाही. सिम्युलेटरच्या चाळीस मिनिटांच्या सरावात बिघाड येणार हे मुलाला माहीत असतं. तो टपून बसलेला असतो. जहाजावर दिवसामागून दिवस काहीच होत नाही. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांचा २००५ चा 'नेचर'मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रांमध्ये एखादी वस्तू शोधायची. ती निम्म्या चित्रांत असेल, तर लोकांची नजर सुमारे ७ टक्के वेळा चुकते. शंभरातून एकाच चित्रात असेल, तर सुमारे ३० टक्के वेळा चुकते. वस्तू तीच, डोळे तेच. क्वचित येणारी गोष्ट माणसाला दिसतच नाही. दर चाळीस मिनिटांना बिघाड देणारा सिम्युलेटर नेमकी ही सवय शिकवू शकत नाही. मी इन्स्ट्रक्टर असते, तर अधूनमधून एक संपूर्ण सराव काहीही न घडता जाऊ दिला असता, आणि नंतर विचारलं असतं की काय काय तपासलंस. मुलं वैतागली असती. वैतागू देत.

मग संस्था निवडताना काय बघायचं? स्क्रीन किती मोठे ते नाही. नवशिक्याला खऱ्यासारख्या दिसणाऱ्या गर्दीचा उलट गोंधळच होतो, हे शिक्षणशास्त्रात जुनं आहे. एका कन्सोलवर किती मुलं बसतात ते विचारा. सहा असतील तर दोघं शिकतात, चौघं बघतात. सराव संपल्यावर डीब्रीफिंगला किती वेळ देतात ते विचारा. सेन्सरचा बिघाड घालतात का, तेही. लोणावळ्याच्या समुद्रा इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी 'शिप इन कॅम्पस' असतं, म्हणजे जमिनीवर उभारलेली खरीखुरी इंजिन रूम. (समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यावर, पावसात भिजलेलं जहाजाचं इंजिन. बघायला विचित्र वाटतं खरं.) सिम्युलेटर आणि ते इंजिन यांची जोडी कशी लावतात, हा विचारायचा खरा प्रश्न. सकाळी स्क्रीनवर बघितलेला पंप दुपारी खोलून बघायला मिळतो का? आणि हो, डीजी शिपिंगची मान्यता तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

सगळ्यात मोठा प्रश्न मात्र जहाजाचा. वॉचकीपिंगच्या लायसनसाठी इंजिन रूमच्या वॉचचे किमान सहा महिने समुद्रावरच काढावे लागतात, आणि कोर्स संपवून जहाजाची वाट बघत घरी बसलेली मुलं आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. अशा वेळी 'सिम्युलेटरचे तास समुद्राच्या महिन्यांऐवजी धरा' ही मागणी सोयीची वाटते. मुलांची अडचण खरी आहे. पण रॉस्कोंचं गुणोत्तर कुणी मोजलेलं नसताना ही अदलाबदल कोणत्या दराने करणार? जहाजं मिळत नाहीत हा भरतीचा प्रश्न आहे, तो अभ्यासक्रमात ढकलून सुटायचा नाही.

मोजणं तसं फार अवघडही नाही. सिम्युलेटर प्रत्येक क्लिकची नोंद ठेवतो: कोणता अलार्म आधी बघितला, कुठला आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडून बघितला. जहाजावर त्याच मुलाचं ट्रेनिंग रेकॉर्ड बुक भरलं जातं, कामागणिक, तारखेसह, इंजिनिअरच्या सहीने. दोन्ही नोंदी आज अस्तित्वात आहेत आणि एकमेकींना कधी भेटत नाहीत. एका बॅचची चाळीस मुलं, त्यांची संमती, दोन्ही नोंदी आणि एक वर्ष. एवढ्यावर निदान पहिला अंदाज तरी निघेल की इंधन बदलणं स्क्रीनवर किती शिकून होतं आणि प्युरिफायर किती. माझ्या विषयाच्या जवळचं काम आहे. गाइडसमोर प्रस्ताव ठेवलाय. मरीन संस्थेत शिकवणारं कुणी हे वाचत असेल, तर मला फक्त नोंदींचा नमुना बघायचाय, नावं काढून टाकलेल्या.